आधी शिक्षक पाठवा, मग परिपत्रक





राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याआधी अकरा वर्षे, 1906 मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले होते. आणि त्याच्याही आधी, 1893 मध्ये, त्यांनी अमरेली भागातल्या मोजक्या गावांत ते करून पाहिले होते. आधी थोडी गावे, मग सबंध राज्य. एकमेकांच्या शाळांकडून काय घ्यावे याचा विचार करायला आपण जमलो आहोत, तेव्हा हा क्रम ध्यानात असावा.

आमच्या वाड्यावस्त्यांवर दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असलेल्या शाळा शेकड्यांनी आहेत. एकाच खोलीत पहिलीचा मुलगा अक्षरे गिरवतो आणि चौथीची मुलगी भागाकार करते. आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने आपल्या आसपासच्या छोट्या ग्रामीण शाळांसाठी याच अडचणीवर उपाय काढला. धड्याचे लहान लहान टप्पे पाडले, टप्प्यागणिक कार्डे केली. मूल आपल्या गतीने कार्ड संपवते आणि पुढचे घेते. शिक्षक फळ्यापाशी उभा न राहता मुलांमध्ये बसतो. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले सरकारी शिक्षक तिथे गेले, पाहून आले, आणि कन्नड मुलांसाठी त्यांनी स्वतः कार्डे लिहिली. त्यातून नली-कली ही पद्धत उभी राहिली. पुढे चेन्नई महापालिकेचे शिक्षकही ऋषी व्हॅलीला जाऊन आले. 2003 मध्ये चेन्नईत 13 शाळांत सुरुवात झाली आणि काही वर्षांत ती पद्धत तमिळनाडूभर गेली. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की पहिली पावले शिक्षकांनी टाकली आणि साहित्य शिक्षकांच्या हातून घडले. पद्धत जसजशी आदेशाने पसरत जाते, तसतशी ती पातळ होण्याची भीती असते. कार्डे शाळेत पोचतात. ती का लिहिली, हे सांगणारा माणूस पोचत नाही.

आपल्याकडेही हे घडले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अनेकांनी परत येऊन आपले वर्ग खरोखर पालटले, त्यांना माझा नमस्कार. पण कित्येक शाळांत तिथल्यासारखी फक्त फरशी रंगली. त्यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. एका दिवसाच्या भेटीत फरशी दिसते. तिच्यामागची शिक्षकांची चर्चा, एकेका मुलाची नोंद आणि ती नोंद पाहून उद्याचा तास बदलणे दिसत नाही.

घेण्यासारखे आहे ते केवळ शिकवण्याच्या पद्धतीतच नाही. तमिळनाडूने 15 सप्टेंबर 2022 रोजी मदुराईत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली आणि वर्षभरात ती राज्यातल्या सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेली. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या फडांवर आई-बाप पहाटे अंधारात कोयता घेऊन निघतात आणि त्यांची लेकरे दुपारच्या खिचडीपर्यंत उपाशी असतात. या सभागृहातल्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्या तासाला पेंगणारे मूल पाहिले आहे. ही योजना आपल्याकडे यावी, आणि लवकर यावी.

केरळने आठवी ते बारावीचे 45 हजार वर्ग संगणक आणि प्रोजेक्टरने सज्ज केले. ते चालते ठेवण्यासाठी काइट ही सरकारी संस्था आहे, शिक्षकांचे प्रशिक्षण आहे, मुलांचे लिटल काइट्स क्लब आहेत. आमच्या कितीतरी शाळांत वीजबिल थकले म्हणून जोडणी तुटते आणि प्रोजेक्टर कपाटात राहतो. केरळच्या पाहुण्यांनी आम्हाला यंत्रांपेक्षा या व्यवस्थेबद्दल अधिक सांगावे, अशी विनंती आहे.

आणि महाराष्ट्राने फक्त घ्यायचे असेही नाही. इयत्ता बाजूला ठेवून मुलाला खरोखर काय वाचता येते ते पाहून गट पाडायचे, ही ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत मुंबईच्या वस्त्यांतल्या कामातून वाढली आणि आज अनेक राज्यांच्या सरकारी शाळांत वापरली जाते.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. दरवर्षी प्रत्येक तालुक्यातून, एकाच केंद्रातले निदान दोन शिक्षक पूर्ण पगारी कर्तव्यरजेवर एका सत्रासाठी दुसऱ्या राज्यातल्या सरकारी शाळेत जावेत. त्यांनी तिथे वर्ग घ्यावेत, तिथल्या शिक्षकांबरोबर राहावे. परतल्यावर दोन वर्षे त्यांची बदली होऊ नये, त्यांच्यावर बीएलओचे, म्हणजे मतदारयाद्यांचे, काम लादू नये, आणि आपल्या केंद्रात ते जे करून पाहतील त्याचे फळ दिसेपर्यंत मंत्रालयातून त्यावर राज्यव्यापी आदेश निघू नये. तितक्याच परराज्यातल्या शिक्षकांना आमच्या शाळांनी सामावून घ्यावे. त्यांच्या राहण्याजेवणाची जबाबदारी कोल्हापूर जिल्ह्यापुरती आमची स्वागत समिती आजच स्वीकारते. शिक्षण खात्याचे अधिकारी समोर बसले आहेत. त्यांनी या ठरावावर उद्याच आपले म्हणणे मांडावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.