चिनी शुभचिन्हांतील प्राणी

संध्याकाळीं घरांत वटवाघूळ शिरलें, तर महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत तो अपशकुन समजला जातो. तेंच वटवाघूळ चीनमध्यें मात्र मोठ्या मानानें मिरवीत आलें आहे. बादशाही पोशाखांवरील भरतकामांत, चिनी मातीच्या पात्रांवर, खुर्च्यांच्या पाठींवर आणि दारांच्या नक्षींत कारागिरांनीं तें शेंकडों वर्षें कोरलें, रंगविलें आणि विणलें. एकच प्राणी एका देशांत अशुभ आणि दुसऱ्या देशांत शुभ कां, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज उभा राहील. त्याचें उत्तर वटवाघळाच्या रूपांत किंवा स्वभावांत सांपडणार नाहीं. तें चिनी भाषेच्या उच्चारांत दडलेलें आहे.

वटवाघळाच्या चिनी नांवांतील शेवटच्या अक्षराचा उच्चार ‘फू’ असा होतो. सुखसौभाग्य ह्या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही ‘फू’च, लिहितांना मात्र दोहोंचीं अक्षरें निराळीं. त्या भाषेंत शब्द पुष्कळ आणि उच्चार त्या मानानें थोडे, त्यामुळें एकाच उच्चाराचे अनेक शब्द पदोपदीं भेटतात. संस्कृत आणि मराठी कवींनीं ज्याला श्लेष म्हटलें, तो अलंकार चिनी कारागिरानें चित्रांत साधला. हरिणाचा ‘लू’ आणि सरकारी वेतनाचा ‘लू’ हे कानाला एकच. म्हणून चित्रांतील हरिण अधिकारपदाची आशा बोलून दाखवितें. घोड्यावर बसलेलें माकड पाहून परक्याला हसूं येईल. पण जाणत्या चिनी माणसाला त्यांत एक सबंध वाक्य दिसतें. ‘घोड्यावर’ ह्या अर्थाचे शब्दच त्या भाषेंत ‘ताबडतोब’ ह्या अर्थानेंही वापरतात, आणि माकडाचें नांव एका सरदारी किताबाशीं तंतोतंत जुळतें. तेव्हां ‘आपणांस सत्वर सरदारकी लाभो’ असा तो आशीर्वाद होय.

असल्या शब्दखेळांच्या मागें केवळ गंमत आहे असें मात्र नव्हे. माशाला चिनी भाषेंत ‘यू’ म्हणतात, आणि शिल्लक उरण्यालाही ‘यू’च म्हणतात. वर्षअखेरच्या रात्रीं सारें कुटुंब एकत्र जेवावयास बसलें कीं, ताटांत अख्खा मासा येतो. अनेक घरीं त्यांतला थोडा भाग मुद्दाम शेष ठेवतात. दुष्काळ आणि महापूर यांच्या कचाट्यांत पिढ्यान् पिढ्या काढलेल्या शेतकऱ्याला कणगींत चार दाणे उरणें म्हणजे काय, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या उरलेल्या घांसाचें हसूं येणार नाहीं. दुसरा एक मासा पीत नदीच्या प्रवाहाविरुद्ध उडी घेऊन ‘ड्रॅगनद्वार’ ओलांडतो आणि स्वतःच ड्रॅगन होतो. राजसेवेच्या परीक्षेसाठीं झिजणाऱ्या विद्यार्थ्यांना ही कथा धीर देत असे. ती परीक्षापद्धति १९०५ सालीं बंद झाली. चित्रांतील मासा मात्र अजून उडी घेतोच आहे.

ह्या प्राण्यांच्या लहान लहान मूर्ति आतां ‘फेंग शुई’च्या नांवाखालीं मुंबई-पुण्याच्या दुकानांतूनही विकल्या जातात. ‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. ही विद्या मुळांत जागेची: घर कोठें बांधावें, पूर्वजांचीं थडगीं कोठें असावींत, ह्याचा विचार ती करी. ग्वो पू (२७६–३२४) ह्या विद्वानाच्या नांवावर दफनभूमीविषयींचा एक ग्रंथ मोडतो. ह्या विद्येंतही प्राणी आहेत, पण ते चार दिशांचे: पूर्वेस निळाहिरवा ड्रॅगन, पश्चिमेस पांढरा वाघ, दक्षिणेस तांबडा पक्षी आणि उत्तरेस काळें कासव. जागेच्या चारी बाजूंच्या डोंगरटेकड्या ह्या नांवांनीं ओळखल्या जात. मेजावर मूर्ति ठेवून पैसा खेंचण्याच्या कल्पनेशीं त्या विद्येचें नातें दूरचेंच म्हणावें लागेल.

दुकानांतील ह्या मूर्तींमध्यें सर्वांत खपणारी एक मूर्ति म्हणजे तोंडांत नाणें धरलेला तीन पायांचा बेडूक. त्याची कुळकथा मोठी उद्बोधक आहे. दहाव्या शतकांत येन नांवाच्या एका अल्पजीवी राज्यांत ल्यू नांवाचा प्रधान होता. आख्यायिका अशी कीं, त्याच्याकडे एक ताओपंथी साधु आला आणि त्यानें अंड्यावर नाणें, नाण्यावर अंडें, असा उंच मनोरा रचला. आतां हा कोसळणार, असें प्रधान घाबरून म्हणाला. त्यावर साधूनें त्यास सांगितलें कीं, तुझें वैभव ह्याहूनही अधिक धोक्यांत आहे. प्रधानानें पद सोडलें, द्रव्य वांटलें आणि विरक्ति पत्करली. त्याचें साधुपणाचें नांव ‘हायछान’. ‘छान’ म्हणजे बेडूक. लोकांनीं ह्या नांवाचे दोन तुकडे केले. ल्यू हाय हा साधु झाला आणि ‘छान’ हा त्याचा बेडूक! म्हणजे ज्या बेडकाकडून आज गिऱ्हाईक धनाची अपेक्षा करतें, तो धनाचा त्याग करणाऱ्या पुरुषाचा सोबती आहे.

वटवाघळाची गोष्टही अशीच. चिनी चित्रांत तीं पुष्कळदां पांच असतात, कारण ‘शू-चिंग’ ह्या प्राचीन ग्रंथांत पांच सुखें सांगितलीं आहेत: दीर्घायुष्य, संपत्ति, आरोग्य व स्वस्थता, सदाचाराची आवड आणि आयुष्याचा नैसर्गिक शेवट. बीजिंगमध्यें ‘कुंग राजपुत्राचा वाडा’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली वास्तु वटवाघळांनीं भरलेली आहे. बागेंतील एक तळेंसुद्धां वटवाघळाच्या आकाराचें आहे. ह्या वाड्याचा पहिला धनी राजपुत्र नव्हता. छ्येनलुंग बादशहाचा आवडता मंत्री हशेन ह्यानें अठराव्या शतकांत तो बांधविला. लांच घेऊन संपत्ति गोळा करण्यांत त्याचा हात धरणारा चीनच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. ७ फेब्रुवारी १७९९ रोजीं वृद्ध बादशहा वारला. नव्या बादशहानें हशेनला लगेच अटक करून त्याची मालमत्ता जप्त केली, आणि पंधरा दिवसांच्या आंत त्याला आत्महत्येची आज्ञा झाली. पांच सुखांपैकीं दुसरें त्याच्याजवळ अपरंपार होतें. चौथें त्यानें कधीं मागितलेंच नाहीं, आणि त्यापायीं पहिलें, तिसरें व पांचवें हींही त्याच्या हातून गेलीं.

शुभचिन्ह हा मुळांत एका माणसानें दुसऱ्याला दिलेला बोलका आशीर्वाद आहे. भाषा तुटली कीं तो मुका होतो. मग उरतो तो केवळ पितळेचा बेडूक आणि त्याची किंमत. अर्थ जाणून तो घरांत ठेवणाऱ्याला निदान इतकें तरी आठवत राहील कीं, पांच वटवाघळांपैकीं धनाचें वटवाघूळ एकच आहे.