खारीचा घास

मागे घरघर ऐकू येतेय ना? माइक बिघडलेला नाही, खारी घोरतेय. आजचा भाग तिच्याबद्दलच आहे, त्यामुळे तिला उठवून बाहेर काढणं बरं दिसलं नसतं.

खारी म्हणजे आमची कुत्री. बोरिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे, तिच्या पत्र्याखाली भर पावसात सापडली. रंग भाजलेल्या खारीचा, म्हणून खारी. वजन चौदा किलो, तोरा चाळीस किलोचा. दुसरी मनी, मांजर. पाव भाजून झाला की ओटीजी जरा कोमट राहतो, तेवढ्यात ही वर चढून बसते. मग रात्रीपर्यंत ओटीजी तिचा.

पाव करायला मी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शिकले. तेव्हा सगळेच पाव करत होते आणि दुकानातून यीस्ट गायब झालं होतं. माझा पहिला पाव आईने दाराला अडसर म्हणून लावून दाखवला होता. दार हललं नाही.

चूक कुठे होत होती ते उशिरा कळलं. परदेशी रेसिपीत लिहिलेलं असतं, पीठ दीड तास उबदार जागी ठेवा. आता लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात असतात वीस-बावीस डिग्री. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर तेहतीस-चौतीस, वर दमट हवा. पीठ पाऊण तासात दुप्पट होतं आणि दीड तासात परातीबाहेर येतं. मग पाव बसतो आणि आंबूस, दारूसारखा वास मारतो. म्हणून मी आता यीस्ट निम्मं घालते, पाणी फ्रिजमधलं घेते आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये फुगवते. सॉअरडोची भीती वाटणाऱ्यांसाठी एकच सांगते, स्टार्टर म्हणजे विरजण. थोडं मागे ठेवायचं, नवं घालायचं. फक्त दुधाच्या जागी पीठ. आपल्या आज्या हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात.

आता आई. कुत्रं आणायच्या आधी तिची घोषणा होती, "मी कुणाचं काही करणार नाही." आज खारीसाठी बिनमिठाचा भात आणि चिकन वेगळ्या कुकरला लागतं, आणि रात्री एसी चालू होतो तो खारीला उकडतं म्हणून. मी ऑफिसातून फोन केला की मी जेवले का हे तिसऱ्या वाक्याला येतं.

आणि एक नेम. आई पोळ्यांची कणीक मळायला बसली की खारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर. मग सुपारीएवढी गोळी तिला मिळते. आमची आजी कोकणात पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची काढायची, ते आईच्या हातात उतरलंय. पारशी घरांतही कुत्र्याचा घास बाजूला काढायची जुनी रीत आहे, त्याला म्हणतात 'कुत्रानो बूक'. याच मुंबईत १८३२च्या जूनमध्ये भटके कुत्रे मारायची मोहीम चालली होती, मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं, तेव्हा फोर्टमध्ये पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. तर कुत्र्याला घास देणं ही या शहरात साधी गोष्ट नाही. आईला "देऊ नकोस" म्हणणं तर त्याहून नाही.

गेल्या मेमधली शनिवारची रात्र. रविवारी मिसळीसोबत घरचे पाव, असा बेत. पाचशे ग्रॅम मैदा, सव्वातीनशे पाणी, दहा मीठ, पाच यीस्ट, म्हणजे आठशे चाळीस ग्रॅमचा गोळा. फ्रिजमध्ये जागा नव्हती, आंब्यांनी भरला होता. म्हणून परातीत, ओल्या पंचाखाली, ओट्यावर ठेवला आणि मी हेडफोन लावून एडिटिंगला बसले.

साडेदहाला पाहिलं तर पीठ कमी.

"आई, पीठ कमी कसं?"

"खारीला दिलं थोडं. किती मऊ झालंय गं, कापसासारखं! सारखी मागत होती."

मी हसले. खरंच हसले. अकराला खारी ओकायचा प्रयत्न करत होती आणि काही येत नव्हतं. पोट टमटमीत. मग ती मनीच्या वाटीकडे निघाली आणि वाटेत तिचे मागचे पाय एकमेकांत अडकले. दारू प्यायलेला माणूस चालतो तशी चालत होती.

एका दवाखान्याने फोन उचलला नाही. दुसऱ्याने या म्हणून सांगितलं. दोन रिक्षावाले कुत्रं बघून निघून गेले, तिसरा थांबला. निघण्याआधी मी एकच शहाणपणाचं काम केलं, उरलेलं पीठ वजनकाट्यावर ठेवलं. सहाशे दहा. म्हणजे खारीच्या पोटात दोनशे तीस ग्रॅम. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, किती आणि कधी.

त्यांनी समजावलं ते असं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान अडतीस-एकोणचाळीस डिग्री. आत ओल, वर झाकण. पीठ फुगवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पोटात गेलेलं पीठ फुगतच राहतं, जठर ताणतं, श्वासाला अडथळा येतो. शिवाय यीस्ट वायूबरोबर अल्कोहोलही बनवतं आणि ते थेट रक्तात उतरतं. खारी दारू प्यायल्यासारखी चालत नव्हती, तिला खरोखर दारू चढली होती. भाजलेल्या पावात हा धोका नाही, भट्टीत यीस्ट मरतं. पोळीच्या कणकेत यीस्ट घातलेलंच नसतं. आईच्या बोटांना दोन्ही गोळे सारखेच.

डॉक्टरांनी थंड पाण्याने पोट धुतलं. थंडीने यीस्ट मंदावतं. माझीच फ्रिजची युक्ती, पण कुठे वापरावी लागली बघा. नेटवर कुणीतरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढा असं लिहिलं होतं. तसं करू नका. मिठाने आणखी विषबाधा होते, आणि झिंगलेल्या कुत्र्याची उलटी फुप्फुसात जाऊ शकते.

पहाटे चारपर्यंत सलाइन. आई बाहेर बाकड्यावर, हातात खारीचा पट्टा. एवढंच म्हणाली, "मी माझ्या हाताने घातलं गं तिला."

मला बोलता आलं नाही. कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरात यीस्ट, हायड्रेशन, डिग्री सगळं मला माहीत. इन्स्टावर पावाचे फोटो टाकायचे मी, आणि रोज त्या ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला एक वाक्य सांगितलं नाही. तुमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांनाही सांगा. आणि यीस्ट एकटंच नाही. मनुकांचा पाव कुत्र्याला अजिबात नको, मनुका-द्राक्षांनी किडनी निकामी होऊ शकते. कांदा-लसूण घातलेला पाव कुत्र्यालाही नको आणि मांजरालाही. शुगरफ्री वस्तूंवर झायलिटॉल लिहिलेलं असेल तर ती घरात उंच फळीवर.

खारी रविवारी दुपारी घरी आली. मिसळ झाली नाही. पुढचे आठ दिवस आईने तिला हाताने काही दिलं नाही, जे काय ते वाटीत. कणीक मळताना खारी उंबऱ्यावर यायची, बसायची, आईकडे बघायची, आणि आई परातीत बघायची. ते बघवत नव्हतं. नवव्या दिवशी मी पाव भाजला, पूर्ण गार होऊ दिला आणि आतला नखाएवढा तुकडा आईच्या हातात दिला. तिने विचारलं, "भाजलेला ना?" तीनदा विचारलं. मग दिला.

आता फ्रिजमध्ये पिठासाठी झाकणाचा डबा आहे, आंबे असोत नसोत. त्यावर आईने पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहिलंय, "यीस्टचं आहे. खारी, बघू नकोस."