शल्य, नळी आणि शिवार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा गृहस्थ मजुरीच्या दरावर नाहीतर बोनसवर बोलेल. मी विषय कळवला : नाकाच्या पोकळ्यांत आणि कवटीच्या तळाशी अडकलेल्या वस्तू दुर्बिणीने काढण्याची शस्त्रक्रिया. चालक जरा गप्पच झाले. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते जिनिंगच्या गेटावर, मोंढ्यात हमालांच्या सोबतीने आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा समोर बसलेल्या डॉक्टर मंडळींनी माझे उणेअधिक पोटात घालावे. पण हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. तो माझ्या अंगावर आला.

काही वर्षांपूर्वी तुरीच्या हंगामात आमच्या संघटनेतली एक शेतमजूर बाई भरल्या ट्रॉलीवरून खाली पडली. तूर कापलेले रान ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, विळ्याने तिरपे कापलेले धसकट भाल्याच्या टोकासारखे असते. ते तिच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी घुसले. सोबतच्या माणसांनी ते ओढून काढले. टाके पडले. क्ष-किरण फोटोत काही दिसले नाही. डोळा वाचला, म्हणून सर्वांनी देवाचे आभार मानले. मी मालकाशी बोलून औषधपाण्याचा खर्च आणि पंधरा दिवसांची मजुरी मिळवून दिली. ‘आता काही मागणे उरले नाही’ अशा कागदावर बाईचा अंगठा झाला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढे आठ महिने बाईच्या एकाच नाकपुडीतून पू येत राहिला. वास असा की, दुपारच्या भाकरीला तिच्याशेजारी कोणी बसेना. कोणी पीनस म्हणाले, कोणी बाहेरचे म्हणाले, अंगारेधुपारे झाले. माझ्याकडे ती दोनदा आली. “भाऊ, आत काहीतरी ऱ्हायलंय,” असे म्हणाली. मी म्हणालो, “ताई, जखम तर भरली. सर्दी असेल.” शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी तिचे म्हणणे नीट ऐकून घेतले, सी.टी. स्कॅन काढायला लावला, आणि मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दुर्बिणीने ऑपरेशन झाले. चेहऱ्यावर नवा चिरा न घेता, नाकपुडीतून, करंगळीच्या दोन पेरांएवढा तुरीच्या लाकडाचा तुकडा बाहेर आला. बाईला जे आठ महिने कळत होते ते मला तेव्हा कळले. मग मी वाचायला बसलो. त्या वाचनाचा हा हिशेब आहे.

आपल्या भाषेत सर्जरीला ‘शल्यचिकित्सा’ म्हणतात. शल्य म्हणजे शरीरात रुतलेली परकी वस्तू : काटा, बाणाचे टोक, हाडाचा तुकडा. म्हणजे या शास्त्राचे नावच मुळी रुतलेले काढण्यावरून पडले आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रे वीस आणि यंत्रे एकशे एक सांगितली आहेत. पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखे चिमटे आहेत. त्यांत बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याच्या चोचीसारखे ‘कंकमुख’ श्रेष्ठ मानले, कारण ते सहज आत जाते आणि धरलेले सोडत नाही. शिवाय ‘नाडीयंत्रे’, म्हणजे नळ्या, आहेत. शरीराच्या मार्गांत अडकलेले शल्य काढण्यासाठी आणि आतला रोग पाहण्यासाठी त्या वापराव्यात असे सांगितले आहे. नळी घालून आत पाहावे, ही कल्पना फार जुनी. अडचण होती ती उजेडाची.

आणि नाकात उजेड फार लागतो. नाकाच्या आजूबाजूला हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत : गालात, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये, आणि अगदी मागे कवटीच्या तळाशी. डोळा आणि नाक यांच्यामधली हाडाची भिंत कागदासारखी पातळ असते. नाकाचे छत तेच मेंदूच्या खोलीची फरशी. मागच्या पोकळीच्या कडेने दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. म्हणजे चार बोटांच्या अंतरात डोळा, मेंदू आणि प्राण. तिथे अंधारात चिमटा कोण घालील?

म्हणून पूर्वी बाहेरून वाट करीत. न्यूयॉर्कच्या काल्डवेल यांनी 1893 मध्ये आणि पॅरिसच्या ल्यूक यांनी 1897 मध्ये सांगितलेल्या पद्धतीत वरच्या ओठाखाली चीर देऊन गालाच्या हाडाला भोक पाडावे लागे. त्याच 1897 मध्ये जर्मनीत फ्रायबुर्ग येथे किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा नळीतून पाहत बाहेर काढला. छाती न फाडता! नळीचा मार्ग तेव्हा सिद्ध झाला.

उजेडाचा प्रश्न पुढे सोडवला तो हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी. हा लंडनच्या एका गरीब कुटुंबातला मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकलेला. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे त्यांचे विद्यार्थी. केसासारख्या काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकडेतिकडे कसे नेता येते, हे या दोघांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर 1959 मध्ये हॉपकिन्स यांनी दुर्बिणीची रचनाच उलटी केली. पूर्वी लांब नळीत हवा फार आणि मध्ये मध्ये लहान भिंगे. त्यांनी काचेच्या लांब कांड्या बसवून हवा थोडी ठेवली. उजेड कितीतरी पटींनी वाढला. आज नाकात जाणारी दुर्बीण सुमारे चार मिलिमीटर जाडीची असते. तिचे टोक सरळ किंवा तिरके पाहणारे मिळते, म्हणून कोपऱ्यामागचेही दिसते.

ऑस्ट्रियातल्या ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी या दुर्बिणीतून एक गोष्ट पाहिली. पोकळ्यांच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात आणि ते रात्रंदिवस आतला द्रव एकाच दाराकडे झाडत नेतात. आपल्या सफाई कामगारांसारखेच ते : काम करतात तोवर कोणाचे लक्ष नाही, थांबले की सारे घर नासते. दाराशी परकी वस्तू अडकली की झाडणे थांबते, पू साचतो, वास सुटतो. तेव्हा वस्तू काढा आणि ते मूळचे दार मोकळे करा, एवढाच या शस्त्रक्रियेचा मंत्र. 1980 नंतरच्या काळात ती जगभर पसरली.

ऑपरेशनमध्ये रुग्णाला पूर्ण भूल देतात. रक्त कमी यावे म्हणून औषधात भिजवलेल्या पट्ट्या नाकात ठेवतात. एका हातात दुर्बीण, दुसऱ्यात चिमटा, नजर पडद्यावर. वस्तू छताला भोक पाडून मेंदूकडे गेली असेल, तर काढल्यावर रुग्णाच्याच शरीरातले अस्तर किंवा मांडीतला पडदा घेऊन ठिगळ लावतात. पण नळी म्हणजे जादू नव्हे. मोठी धमनी छेदली असेल किंवा वस्तू मेंदूत खोल असेल, तर मेंदूचे शल्यवैद्य सोबत लागतात, प्रसंगी कवटी उघडावी लागते.

आपल्या महाराष्ट्राने या दुर्बिणीचे मोल 2021 मध्ये जाणले. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने, म्युकरमायकोसिसने, नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याकडे आणि मेंदूकडे वाट काढली. सडलेला भाग दुर्बिणीने काढण्यासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर रात्रंदिवस उभे राहिले. जे लवकर पोचले त्यांतले पुष्कळ वाचले. उशीर झालेल्यांतल्या कित्येकांचे डोळे गेले, जबडे गेले. रोग वेगळा, धडा तोच.

तो धडा असा. नाकपुडीपासून मेंदूच्या फरशीपर्यंतची वाट शास्त्राने सोपी केली. शिवारापासून त्या नळीपर्यंतची वाट मात्र अजून लांब आहे. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, आनंद आहे. पण आमच्या बाईची वाट एस.टी.च्या भाड्याने अडली नव्हती. ती अडली होती माझ्या ‘सर्दी असेल’ या शब्दांनी. ती वाट आपण कमी करायची आहे, म्हणून काही गोष्टी गाठीला बांधा.

चेहऱ्यात घुसलेली वस्तू ओढू नका. ती मोडते, किंवा तिच्यानेच थोपलेले रक्त सुटते. ती हलू न देता रुग्णाला घेऊन जा. क्ष-किरणात धातू दिसतो, लाकूड बहुधा दिसत नाही, सी.टी.मध्येही ते हवेसारखे काळे दिसून चुकू शकते. म्हणून ‘लाकूड होते’ हे डॉक्टरांना तोंडाने सांगा. एम.आर.आय. काढायचा झाला, तर आत लोखंड नाही याची आधी खात्री हवी. डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब गळू लागला, तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण येत असेल, तर आत चिंचोका, हरभरा, मणी काहीतरी आहे असे समजा. हरभरा पाण्याने फुगतो, म्हणून नाकात पाणी घालू नका. आणि खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी गेली असेल, तर सकाळची वाट पाहू नका; ती काही तासांत आतून जाळते.

शेवटची गोष्ट माझ्या धंद्याची. पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून घ्या : कुठे, कोणत्या कामावर, कशाने लागले. आमच्या बाईच्या कागदावर नुसते ‘पडल्याने जखम’ एवढेच होते. मालकाने अंगठ्याचा कागद पुढे केला. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने हक्क सोडून देण्याचा असा करार रद्दच ठरतो, ट्रॅक्टरने चालणाऱ्या शेतीतला मजूर त्या कायद्यात येतो आणि दावा दोन वर्षांच्या आत करता येतो, हे मी तेव्हा कुठे नीट वाचले. आता तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ऑपरेशनच्या कागदावर ‘लाकडी तुकडा’ असे लिहिलेले होते. त्या दोन शब्दांवर आम्ही पुन्हा बोलणीला बसलो आणि खर्च वसूल केला. आठ महिने मात्र वसूल झाले नाहीत.

बाई आता कामावर आहे, चारचौघींत बसून भाकरी खाते. तिने तो तुकडा मिसरीच्या रिकाम्या डबीत जपून ठेवला आहे. मी गेलो की कधी कधी ती डबी काढून दाखवते. बोलत काही नाही. तिचे शल्य डॉक्टरांनी काढले. माझे आहे तिथेच आहे, आणि ते राहावे असेच मला वाटते. पुढचे माणूस दारात येऊन “आत काहीतरी राहिलंय” म्हणेल, तेव्हा ते मला टोचेल.