सोशिक म्हणू नका



 गेली चार वर्षं माझ्या टेबलावर एक पुस्तक उघडं आहे. हॅरिएट जेकब्ज या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीचं हे आत्मकथन 1861 साली बॉस्टनमध्ये छापलं गेलं. एका गुलाम मुलीच्या आयुष्यातल्या घटना, असा त्याच्या नावाचा अर्थ. त्याचा अनुवाद करताना माझं एका मराठी शब्दाशी भांडण झालं. 'सोशिक' हा तो शब्द.

माझ्या आत्याला सगळा गाव सोशिक म्हणायचा. ती गेली तेव्हा दहाव्याला आलेल्या प्रत्येकानं तोच शब्द उच्चारला. तिनं काय सोसलं, कुणापायी सोसलं, हे मात्र एकानंही काढलं नाही. ज्यांच्या संसारासाठी तिची कंबर मोडली, तेही 'फार सोशिक बाई' म्हणत पानावर बसले. तेव्हा मी लहान होते, पण हे कौतुक कुणाच्या सोयीचं आहे ते मला त्या दिवशी कळलं. पुढे कृष्णवर्णीय स्त्रियांविषयीचे मराठी लेख वाचताना तेच कौतुक पुन्हा भेटत राहिलं. काय त्यांची ताकद, किती त्यांची सहनशीलता! आणि ताकद लागलीच का, हे विचारायचं राहून जातं.

जेकब्जबाई उत्तर कॅरोलिनातल्या एडन्टन गावच्या, जन्म 1813 चा. कायद्यानं त्या एका लहान मुलीच्या मालकीच्या होत्या. त्या मुलीचा बाप गावातला डॉक्टर. हॅरिएट पंधराव्या वर्षाला लागल्यापासून तो त्यांच्या मागे लागला. त्या बधत नाहीत म्हटल्यावर त्यानं त्यांच्या दोन मुलांना मळ्यावर कामाला जुंपायचं ठरवलं. आपणच दिसेनासं झालो तर मुलं सांभाळायचा व्याप नको म्हणून तो ती विकून टाकेल, असा आईनं हिशेब केला आणि 1835 साली ती नाहीशी झाली. हिशेब खरा ठरला. मुलांचा बाप डॉक्टर नव्हे, दुसरा एक गोरा माणूस होता; त्यानं मध्यस्थामार्फत ती विकत घेतली आणि ती जेकब्जबाईंच्या आजीकडे राहायला आली. आजी गुलामीतून मोकळी झालेली होती, तिचं स्वतःचं घर होतं.

आणि आई? आई त्याच घराला लागून असलेल्या एका खोपटाच्या पोटमाळ्यावर होती. लांबी 9 फूट, रुंदी 7 फूट, उंची जास्तीत जास्त 3 फूट आणि तीही उतरती. उठून उभं राहता येत नव्हतं. कूस बदलताना छपराला अंग लागायचं. उंदीर अंगावरून धावायचे. उन्हाळ्यात छपराच्या लाकडातून टर्पेंटाइन गळायचं, सुईच्या टोकाएवढे लाल किडे अंगाची आग करायचे. थंडीत पाय गारठून सुजायचे. एका हिवाळ्यात तर हातपाय आणि जीभही आखडली, बोलणंच बंद झालं. अशी जवळजवळ 7 वर्षं.

एके दिवशी अंधारात त्यांचं डोकं कशावर तरी आपटलं; ते एक गिरमीट निघालं, पोटमाळ्याचं दार करताना त्यांच्या मामाचं राहून गेलेलं. त्या गिरमिटानं त्यांनी फळीत भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मधलं लाकूड कोरून काढलं आणि इंचभर लांब-रुंद झरोका केला. त्यातून रस्ता दिसायचा, मुलांचे चेहरे दिसायचे. त्या उजेडात त्या शिवत बसायच्या, वाचायच्या. डॉक्टरला पत्रंही लिहायच्या. एकदा टोपी गुंडाळून आलेल्या कागदात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा तुकडा हाती लागला. त्यातून तिथल्या एका रस्त्याचं नाव उचललं, तो पत्ता घालून पत्र लिहिलं आणि माणसाकरवी न्यूयॉर्कला नेऊन तिथून टपालात टाकायला लावलं. डॉक्टर लांब उत्तरेकडे डोळे लावून बसला आणि ही बाई त्याच्याच गावात, त्याच्या पायांचा आवाज ऐकत.

आता मला सांगा, याला सोशिकपणा म्हणायचं? यात आखणी आहे, डाव आहे, दुसऱ्याच्या मनाचा अचूक अंदाज आहे. सोसणं आहेच, पण ते त्या डावाची किंमत म्हणून मोजलेलं आहे. मी माझ्या हस्तलिखितातून 'सोशिक' हा शब्द सगळीकडून काढून टाकला. काही ठिकाणी 'चिवट' लिहिलं, काही ठिकाणी काहीच लिहिलं नाही, कारण बाईंनीही तिथं स्वतःविषयी विशेषण वापरलेलं नाही.

एक प्रसंग मात्र अजून मला नीट उतरवता आलेला नाही. 1842 साली जहाजानं पळून जाण्याआधी त्या मुलाला भेटल्या, तेव्हा तो म्हणाला की तू इथं आहेस हे मला ठाऊक होतं. त्यानं एकदा वरून खोकला ऐकला होता. कुणाला काही बोलला नाही. खेळताना इतर पोरांना मात्र त्या कोपऱ्याकडे फिरकू देत नसे. त्या लेकराच्या मौनाला मराठीत कोणता शब्द द्यायचा?

आणखी एक हिशेब ऐका. जेकब्जबाईंच्या आजीनं, ती गुलाम असताना, रात्र रात्र जागून बिस्किटं भाजून विकली आणि पैपै करून 300 डॉलर साठवले. ते मालकिणीनं उसने घेतले आणि परत केले नाहीत. मालकीण मेल्यावर सांगण्यात आलं की गुलामाचं देणं कायद्याला मान्य नाही. त्या पैशांतून घेतलेलं चांदीचं शमादान मात्र मालकिणीच्या घरात राहिलं. पुढे 1852 साली, फरार गुलामांना पकडून देणारा कायदा डोक्यावर असताना, नात न्यूयॉर्कमध्ये ज्या घरी कामाला होती, तिथल्या बाईंनी पैसे मोजून तिला सोडवलं. रक्कम 300 डॉलर. जेकब्जबाईंना त्या सुटकेनं हायसं वाटलं आणि रागही आला, कारण जे कधी कुणाचं नव्हतंच, त्याची विक्रीची पावती फाडली गेली होती.

हे पुस्तक त्यांनी त्याच कुटुंबात मुलं सांभाळायच्या कामावर राबताना लिहिलं, रात्री, पोरं झोपल्यावर, घरधन्याच्या नकळत. हे वाचताना मला फलटण आठवलं. बेबीताई कांबळे दुकानात बसून घरच्यांच्या चोरून लिहीत राहिल्या आणि त्या वह्या त्यांनी वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. त्यातून 'जिणं आमुचं' हे आत्मकथन झालं. दोघींची ओळख असण्याचा प्रश्नच नाही, मध्ये शतकाहून अधिक काळ आहे. पण लिहिताना पावलं वाजली की वही कुठं सरकवायची, हे दोघींनाही माहीत होतं.

मुखपृष्ठानंतरच्या पानावर जेकब्जबाईंनी स्वतःचं नाव घातलं नाही, पण 'तिनं स्वतः लिहिलेलं' एवढं आवर्जून छापलं. तरीही पुढे दीर्घकाळ बरेच अभ्यासक मानत राहिले की ही कादंबरी असावी आणि ती संपादन करणाऱ्या गोऱ्या लेखिकेनं, लिडिया मारिया चाइल्ड यांनी, लिहिली असावी. गुलाम बाईला एवढं चांगलं लिहिता येईल, हेच पटत नव्हतं.

आपण अनुवादक आहोत, म्हणून गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय वक्त्या सोजर्नर ट्रूथ यांची गोष्टही सांगायला हवी. 1851 साली ओहायोतल्या अॅक्रनच्या स्त्री-हक्क परिषदेत त्यांनी भाषण केलं. आज जगभर त्याचं जे रूप गाजतं, ते फ्रान्सिस गेज यांनी 1863 साली लिहिलेलं आहे. त्यात ट्रूथ दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीत बोलतात. प्रत्यक्षात त्या न्यूयॉर्क राज्यातल्या, त्यांची पहिली भाषा डच. गेजबाईंनी आदरानंच लिहिलं, पण तोंड दुसरं दिलं. आपणही कृष्णवर्णीय पात्र आलं की त्याच्या तोंडी सर्रास गावरान मराठी घालतो. मीही पूर्वी घातली आहे. आता मला ते चूक वाटतं.

बोलीसारखंच नावांचं. 'विमेन ऑफ कलर' हे नाव अमेरिकेतल्या गोऱ्या नसलेल्या स्त्रियांनी स्वतः निवडलेलं आहे. कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात की 1977 च्या ह्यूस्टनच्या राष्ट्रीय महिला परिषदेत वेगवेगळ्या अल्पसंख्य समाजांतल्या स्त्रिया एकत्र आल्या, तेव्हा एकजुटीचं नाव म्हणून ते पुढे आलं. आपण त्याला 'वर्णीय' म्हणतो, आणि मराठीत वर्ण म्हणजे नुसता रंग नव्हे, त्यात जातीची उतरंडही येते. तिकडची गुलामी आणि इकडची जात यांचं नातं जोतीराव फुल्यांना 1873 सालीच दिसलं होतं. 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. त्याआधी 1855 साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. काळ्या स्त्रियांचं लेखन मराठीत आणायचं तर मुक्ताची भाषा आधी कानात असायला हवी.

शेवटी पुन्हा जेकब्जबाईंकडे. जीन फॅगन येलिन या प्राध्यापिकेनं 1987 साली हे पुस्तक खऱ्या लेखिकेच्या नावानं, पुराव्यानिशी सिद्ध करून पुन्हा प्रसिद्ध केलं. तो पुरावा होता पत्रांचा. जेकब्जबाईंनी त्यांची मैत्रीण एमी पोस्ट यांना लिहिलेली पत्रं पोस्ट कुटुंबाच्या कागदपत्रांत राहिली आणि पुढे रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचली. पुस्तक कसं लिहीत आहे, काय अडतं आहे, हे सगळं त्यांत होतं. ती पत्रं कुणी रद्दीत घातली असती, तर आज मी एका गोऱ्या बाईची कादंबरी समजून अनुवाद करत बसले असते.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात आईची, आजीची, कामाला येणाऱ्या मावशींची एखादी वही असेल, पत्रं असतील, हिशेबाच्या मागच्या पानावर लिहिलेलं काही असेल. त्यांना विचारून ते जपा. त्यावर नाव घाला, गाव घाला, तारीख घाला. आणि ते त्यांनी स्वतः लिहिलेलं आहे, हेही लिहा.