मेजावरचे स्पिटफायर

1936 साली इंग्लंडात प्रथम उड्डाण केलेले आणि 1940 च्या हवाई संग्रामात कीर्तीस पोहोचलेले स्पिटफायर हे लढाऊ विमान चोविसाव्या हिश्शाइतके लहान करून, प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या रूपात, एअरफिक्स कंपनीने 1970 साली हौशी कारागिरांच्या हवाली केले, तेव्हा सुमारे 47 सेंटिमीटर पंखविस्ताराची ती देखणी प्रतिकृती घरच्या मेजावर साकारू लागली. खरी कसोटी धडाचे दोन अर्धे जोडताना लागते. सांध्यावरची रेघ, पुटीन भरून आणि ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून, अशी नाहीशी करावी लागते, की बोटालाही ती जाणवू नये, आणि तरीही पत्र्यांच्या कोरीव जोडरेषा शाबूत राहाव्यात. वैमानिकाची बैठक मात्र तत्पूर्वीच रंगवावी. धड मिटल्यावर तेथे कुंचला पोहोचत नाही.