कंकाली टीला : मातीखालची मथुरा

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा गोषवारा)



प्राचीन नगर एका दिवसात पुरले जात नाही. घरे पडतात, विटा-मातीचा थर साचतो आणि त्यावरच पुढील पिढी नवी जमीन घालते. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, हा पुरातत्त्वाचा पहिला धडा होय.

यमुनाकाठची मथुरा अशीच थराथरांची नगरी आहे. तिच्याजवळील एका टेकाडाला वरच्या लहानशा देवळावरून ‘कंकाली टीला’ असे नाव पडले. १८७१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेथे उत्खनन केले. १८८८ ते १८९१ या काळात फ्यूरर यांनी ते मोठ्या प्रमाणावर पुढे नेले. मातीखाली ४७ फूट व्यासाचा विटांचा जैन स्तूप, मंदिरांचे अवशेष, आयागपट आणि शेकडो शिल्पे मिळाली. स्तूप केवळ बौद्धांचेच, ही समजूत तेव्हा गळून पडली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एका पीठलेखात हा स्तूप ‘देवनिर्मित’ म्हटला आहे. त्याचा मूळ कर्ता कोण, याचे स्मरणही तोवर लोपले असले पाहिजे. त्या काळच्या मथुरेलाही तिची पुरातनता होती!

येथील दाते कोण होते? आयागपट अर्पण करणारी शिवयशा ही फग्गुयश नावाच्या नर्तकाची पत्नी. वर्ष ५४ चा लेख असलेली, हाती पोथी घेतलेली सरस्वती सिंहाचा पुत्र गोव या लोहाराने दिली. राजांची नावे विस्मृतीत गेली तरी या सामान्य श्रावकांची नावे शिळेवर टिकली. लेखांतील गण, कुल आणि शाखा यांची नावे कल्पसूत्रातील स्थविरावलीशी जुळतात, हे जॉर्ज ब्यूलर यांनी दाखवून दिले. जैन परंपरेच्या प्राचीनतेविषयी शंका घेणाऱ्यांना दगडांनीच उत्तर दिले.

परंतु या कथेला दुःखाची किनार आहे. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणाशेजारी होती, याची पुरेशी नोंद फ्यूरर यांनी ठेवली नाही. व्हिन्सेंट स्मिथ यांना १९०१ मध्ये ग्रंथ सिद्ध करताना मुख्यतः चित्रपट्टांवरच भिस्त ठेवावी लागली. खतावणीची सारी पाने सुटी करून ढीग घातला, तर आकडे राहतात. हिशेब मात्र लागत नाही. तसेच येथे घडले. थर एकदाच उकलता येतो.

हीच चूक भक्तीच्या भरात जीर्णोद्धारातही घडू शकते. जुनी भिंत उतरवताना शिलालेख भरावात जातो, नव्या संगमरवराखाली झाकला जातो. धातुप्रतिमांच्या पाठीवरील संवत आणि दात्यांची नावे वर्षानुवर्षांच्या घासण्याने पुसट होतात. नवे शिखर उभारणे पुण्याचेच. पण जुने अक्षर पुसून ते उभारणे ही पूर्वजांची अवहेलना होय.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक संकल्प व्हावा. प्रत्येक मंदिरातील प्रतिमालेख वाचून, छायाचित्रांसह त्यांची नोंदवही सिद्ध करावी. दगड हलविण्यापूर्वी त्याची मूळ जागा लिहून ठेवावी. जुन्या वह्या आणि हस्तलिखिते रद्दीत जाऊ देऊ नयेत. गोव लोहाराचे नाव सुमारे १९०० वर्षे टिकले. आपल्या गावच्या दात्यांची नावे पुढील ५० वर्षे तरी टिकावीत, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

जय जिनेंद्र!