ओट्यावर टाइल बसवण्याआधी

आपल्याकडे भुई सारवायची तर सुटलेले पोपडे आधी खरवडतात, पाण्याचा शिपका देतात आणि मगच शेणकाला फिरवतात. ही तयारी टाळली, की सारवण चार दिवसांत उचलून येते. आज बोलायचे आहे ते अशाच तयारीविषयी; फक्त वस्तू नवी आहे.

समजा, पांझरेकाठी पिंपळनेरास एका घरी प्लायवूडचा ओटा आहे, वर सनमायका. तो डागाळला, म्हणून घरधनी म्हणतो, "वरूनच टाइल बसवून टाका." बसवता येते, पण एकदम नाही.

सनमायका म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदांचे, उष्णतेने व दाबाने एकजीव केलेले थर. अमेरिकेत १९१२ साली ओकॉनर आणि फेबर यांनी असा थर विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी काढला. त्याला पाणी शिवत नाही, हा त्याचा गुण. पण टाइलच्या कामी तोच आडवा येतो. सिमेंट विटेच्या बारीक छिद्रांत शिरून घट्ट होते. इथे शिरायला छिद्रच नाही! शिक्षकबंधूंनी वर्गात पाण्याचा एक थेंब विटेवर आणि एक सनमायक्यावर टाकून दाखवावा. पहिला जिरेल, दुसरा तसाच बसून राहील.

तेव्हा आधी ओटा बोटाने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर तिथला सनमायका सुटला आहे, तो काढा. मोरीजवळ प्लायवूड फुगले असेल, तर फळीच बदला. दाबल्यावर ओटा लवत असेल, तर खालून आधार द्या. कारण टाइल लवत नाही, तडकते.

मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढा, साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. नाकाला फडके बांधून साठ ते ऐंशी नंबरच्या पॉलिशकागदाने चकाकी जाईपर्यंत घासा आणि धूळ पुसून घ्या. साधे सिमेंट इथे वापरू नका. टाइल चिकटवण्याचे तयार मिश्रण घ्या. पिशवीवर भारतीय मानक १५४७७ हा आकडा पाहा, आणि ते अशा गुळगुळीत पृष्ठभागावर चालते का, हेही वाचा. सिमेंटची तयार पातळ फळी स्क्रूने पक्की करून तिच्यावर टाइल बसवली, तर काम अधिक भरवशाचे.

टाइल सुटली, म्हणजे टाइल जाते, मजुरी जाते, आणि फटीतून उतरलेले पाणी खालची फळीही खाते. म्हणून गवंडी म्हणाला, "घासायला अर्धा दिवस जाईल," तर कुरकुर न करता त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. ते काम दिसत नाही. पण टाइल त्याच्याच जिवावर टिकते.